मशवऱ्याची नियत

लोकांना विचारून राज्य चालवावे, ही गोष्ट आता कोणी अमान्य करीत नाही. हुकूमशहासुद्धा अधूनमधून जनमत घेतात आणि ते जिंकतात. त्यामुळे 'लोकांना विचारले होते काय?' एवढ्या एका प्रश्नाने आता काही हाती लागत नाही. कोणाला विचारले, कोणत्या शब्दांत विचारले, विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले होते काय आणि उत्तर मिळाल्यावर त्याने त्याचे काय केले, हे पाहावे लागते. उर्दूत आपण ज्याला मशवरा म्हणतो, त्यात नियतीचा प्रश्न असतोच. नियत खोटी असेल तर मशवरा हे निव्वळ नाटक होते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. प्रश्न विचारणे हा आमचा रोजचा धंदा. बी.एड.च्या वर्षी सूक्ष्म अध्यापनात प्रश्नकौशल्याचा पाठ घ्यावा लागतो. वर्गाच्या मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसतात आणि खुणा करतात. ज्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे असा सूचक प्रश्न विचारला की गुण गेले. नुसते होय-नाही उत्तर येणारा प्रश्न विचारला की गुण गेले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, 'समजले ना?' या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात 'जी सर' म्हणतो आणि शिक्षक खूश होऊन पुढे सरकतो. बावीस-तेवीस वर्षांच्या छात्राध्यापकाला या चुकांबद्दल बोलणी खावी लागतात. एखादे सरकार लाखो लोकांना असेच प्रश्न विचारते, तेव्हा मागच्या बाकावर कोणी बसलेले नसते.

हे सारे सुचण्याचे निमित्त कॅनडा. आमच्यापैकी अनेकांचे कोणी ना कोणी टोरंटोकडे गेलेले असते, त्यामुळे तो देश तसा अगदीच परका नाही. पण येथे त्या देशाची आठवण निघाली ती वेगळ्या कारणाने. प्रांताचे केंद्राशी नाते काय असावे, या एका प्रश्नावर लोकांना इतक्या वेळा, इतक्या परीने विचारणारा दुसरा लोकशाही देश आम्हाला ठाऊक नाही. आयोग झाले, गावोगावी सुनावण्या झाल्या, प्रश्नावल्या निघाल्या, सार्वमते झाली. आणि हा सगळा खटाटोप सुरू झाला तो मात्र न विचारण्यातून.

१९८१ च्या नोव्हेंबरात कॅनडाची राज्यघटना ब्रिटिश संसदेच्या ताब्यातून मायदेशी आणण्याच्या वाटाघाटी चालू होत्या. एका रात्रीत केंद्र सरकार आणि नऊ इंग्रजीभाषक प्रांत यांचे जमले. फ्रेंचभाषक क्विबेक प्रांताचे मुख्यमंत्री रने लेव्हेक यांना सकाळी कळले की सर्व ठरून गेले आहे. १७ एप्रिल १९८२ रोजी नवी घटना लागू झाली. क्विबेकने तिला आजतागायत औपचारिक संमती दिलेली नाही, तरी ती क्विबेकवर लागू आहे. कायद्याच्या दृष्टीने त्यात खोट नव्हती. न्यायालयानेही क्विबेकला नकाराधिकार नसल्याचे सांगितले. परंतु ज्याला विचारले नाही त्याच्या मनातली सल कायद्याने निघत नाही, हे आपल्या घरातल्या लग्नाबिग्नांतसुद्धा आपण पाहतो.

ही सल काढण्यासाठी १९८७ साली मीच लेकचा करार झाला. क्विबेकला 'वेगळा समाज' म्हणून मान्यता द्यायची, असे पंतप्रधान आणि दहा प्रांतांचे मुख्यमंत्री यांनी मिळून ठरवले. तीन वर्षांत सर्व विधिमंडळांची मंजुरी हवी होती. १९९० च्या जूनमध्ये मुदत संपत आली असताना मॅनिटोबा प्रांताच्या विधिमंडळात एलायजा हार्पर नावाचे एक आदिवासी सदस्य हातात गरुडाचे पीस धरून बसले आणि एकमताची गरज असलेल्या प्रस्तावाला पुन्हा पुन्हा 'नाही' म्हणत राहिले. त्यांचे म्हणणे साधे होते: या भूमीवर सगळ्यांच्या आधीपासून राहणाऱ्यांना या करारात कोणी विचारलेले नाही. न्यूफाउंडलंडनेही मतदान घेतले नाही आणि करार बारगळला. म्हणजे क्विबेकला न विचारल्याची भरपाई करताना आदिवासींना विचारायचे राहून गेले. हार्पर यांचा राग समजण्यासारखा, आणि त्यातून क्विबेकच्या लोकांना जे वाटले तेही समजण्यासारखे. त्यांना वाटले, आपल्याला पुन्हा एकदा नाकारले. दोन दुखावलेले समाज समोरासमोर आले की तिसरा, जो खरा जबाबदार असतो, तो नामानिराळा राहतो. आम्हा हिंदी मुसलमानांना हा अनुभव सांगायला नको.

त्यानंतर क्विबेकने स्वतःच्या लोकांना विचारायचे ठरवले. १९९० च्या सप्टेंबरात बेलांजे आणि कांपो या दोघांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. सहाशेच्या आसपास निवेदने आली. कामगार संघटना, बँकवाले, शेतकरी, कलावंत, सर्वपक्षीय आमदार, सगळे त्यात होते. तिकडे केंद्रानेही आपला वेगळा नागरिक-मंच काढला; त्यात सुमारे चार लाख माणसे बोलली म्हणतात. १९९२ साली नव्या कराराचे देशव्यापी सार्वमत झाले आणि तोही फेटाळला गेला. हे आम्ही भराभर सांगून टाकतो, कारण आमचे लक्ष आहे ते १९९५ च्या घटनांकडे.

१९९४ मध्ये क्विबेकमध्ये पार्ती केबेक्वा हा स्वतंत्रतावादी पक्ष निवडून आला. मुख्यमंत्री झाक पारिझो. डिसेंबरमध्ये त्यांनी एका विधेयकाचा मसुदा मांडला. त्याचे पहिलेच कलम असे की क्विबेक हा सार्वभौम देश आहे. मग हा मसुदा घेऊन १८ आयोग प्रांतभर फिरले. त्यांत तरुणांसाठी एक वेगळा आणि वृद्धांसाठी एक वेगळा. १९९५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ पडत असताना, ५० हजारांहून अधिक माणसे त्यांच्या बैठकांना गेली. एवढ्या थंडीत लोक घराबाहेर पडून राज्यघटनेवर बोलतात, ही गोष्ट आम्हाला तरी मोठी वाटते. परंतु निरीक्षक मागच्या बाकावर असते तर त्यांनी येथेच गुण कापले असते. उत्तर पहिल्या कलमात लिहून मग प्रश्न विचारला होता. कॅनडात राहू इच्छिणाऱ्या पक्षांनी म्हणूनच या आयोगांवर बहिष्कार टाकला. परिणाम असा की सभागृहात मुख्यतः होकार देणारेच बोलले आणि सरकारला आपलाच आवाज मोठा होऊन ऐकू आला.

३० ऑक्टोबर १९९५ रोजी सार्वमत झाले. ९३ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. 'नाही' ५०.५८ टक्के, 'होय' ४९.४२ टक्के. फरक ५४,२८८ मतांचा. त्या रात्री पारिझो आपल्या कार्यकर्त्यांसमोर बोलायला उभे राहिले. पराभव पैशामुळे आणि 'एथ्निक', म्हणजे परक्या वंशाच्या लोकांच्या मतांमुळे झाला, असे ते म्हणाले. हे वाक्य जगभर गाजले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली. पण त्याच भाषणात त्याहून सूचक असे काहीतरी होते, त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. आता आपण क्विबेकमधल्या फ्रेंचभाषकांविषयी बोलणे सोडून देऊ आणि 'आमच्या'विषयी बोलू, 'आम्ही' तर ६० टक्के होय म्हटले आहे, अशा आशयाचे ते बोलले होते. महिनोन्‌महिने 'क्विबेकच्या जनते'ला प्रश्न विचारला गेला. त्यात माँट्रियलमधला ग्रीक दुकानदार होता, हैतीहून आलेली परिचारिका होती, लेबनॉनचा टॅक्सीवाला होता. मते मोजून झाल्यावर कळले की प्रश्न सगळ्यांना विचारला असला तरी 'आम्ही' ते नव्हतेच.

येथे आम्हाला मराठीचे उपकार मानावेसे वाटतात. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये या अर्थासाठी एकच शब्द आहे. उर्दूतही 'हम' एकच. मराठीत मात्र 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. समोरच्याला बाहेर ठेवून बोलायचे तर 'आम्ही', त्याला सामावून घेऊन बोलायचे तर 'आपण'. आमचे विद्यार्थी येथे हमखास अडखळतात. 'हम कल बाज़ार जाएँगे' याचे मराठी करायला दिले की ते विचारतात, 'सर, तुम्हीही येणार काय?' प्रश्न अगदी बरोबर आहे. ते ठरल्याशिवाय मराठी वाक्य पुरे होत नाही. (हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणूनच लिहीत आहोत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. शिक्षकांच्या वतीने बोलायचे तर तोच शब्द खरा.) पारिझो मराठीत भाषण करीत असते तर प्रचारात त्यांना 'आपण' म्हणावे लागले असते आणि त्या रात्री 'आम्ही', आणि हा बदल शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ऐकू आला असता.

मात्र क्विबेकच्या फ्रेंचभाषकांची कुचेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आमचा जीव स्वतः एका भाषेच्या शाळेत अडकलेला आहे. पटावर मुले किती उरली, पुढच्या वर्षी तुकडी टिकेल काय, याचा घोर काय असतो ते आम्ही जाणतो. इंग्रजीच्या महासागरात आपली भाषा टिकवण्यासाठी त्या प्रांताने १९७७ साली कडक कायदा केला, परप्रांतातून आणि परदेशातून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेत घातले, त्यामागची भीती खोटी नव्हती. उत्तर अमेरिकेत ते अल्पसंख्याकच आहेत. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जो समाज मोठ्या घरात अल्पसंख्य आहे तो आपल्या लहान घरात बहुसंख्य असतो, आणि बाहेर मागितलेला न्याय त्याने आत द्यायचा असतो.

क्विबेकच्या उत्तरेस जेम्स उपसागराच्या काठी क्री लोक राहतात. १९७१ साली त्यांच्या नद्यांवर प्रचंड धरणे बांधण्याची घोषणा प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी केली, ती त्यांना न विचारताच. क्री कोर्टात गेले आणि १९७५ मध्ये त्यांच्याशी करार करणे सरकारला भाग पडले. १९९५ साली या लोकांनी काय करावे? बहिष्कार टाकावा, की दुसऱ्याच्या पेटीत आपले मत टाकून लाखोंमध्ये विरघळून जावे? त्यांनी तिसरेच केले. आधी आपल्या गावांतून आपल्याच सुनावण्या घेतल्या आणि २४ ऑक्टोबरला, म्हणजे प्रांताच्या सार्वमताच्या सहा दिवस आधी, आपली पेटी वेगळी ठेवली. प्रश्न स्वतः लिहिला: प्रांत वेगळा झाला तर आम्हाला आणि आमच्या भूमीला कॅनडापासून तोडण्यास तुमची संमती आहे काय? ९६ टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' म्हटले. क्विबेकचा युक्तिवाद असा होता की देशाने आम्हाला आमच्या मर्जीविरुद्ध धरून ठेवू नये. क्रींनी तोच युक्तिवाद प्रांतापुढे ठेवला. त्यावर क्विबेकच्या नेत्यांकडे पटण्यासारखे उत्तर होते असे आम्हाला दिसत नाही.

१९९८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्यावर मत दिले. प्रांताला एकतर्फी फुटून जाण्याचा हक्क नाही. पण स्पष्ट प्रश्नावर लोकांनी स्पष्ट बहुमताने कौल दिला, तर बाकीच्या देशाला वाटाघाटीस बसावेच लागेल. त्याच निकालात अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे तत्त्व लोकशाहीच्या आणि संघराज्याच्या तत्त्वांबरोबरीने ठेवले आहे. विचारणाऱ्यावर आणि ज्याला विचारले त्याच्या समोरच्यावरही बंधन येते, असे एका न्यायालयाने इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच सांगितले असेल.

प्रश्नावल्यांच्या कसबात मात्र अलीकडे पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांताने बरीच प्रगती केली आहे. तेलाचा, श्रीमंत प्रांत. त्याची तक्रार अशी की आमचा पैसा केंद्र घेते आणि इतरांना वाटते. २०१९ साली तेथील सरकारने 'न्याय्य वाटा' मिळवण्यासाठी एक समिती नेमली. तिने सभा घेतल्या, मतचाचणी केली. प्रांताचे स्वतःचे पोलीसदल काढल्याने प्रांताचे स्थान सुधारेल असे चाचणीत फक्त ३५ टक्के लोकांना वाटले; स्वतंत्र पेन्शन योजनेबाबत ४२ टक्क्यांना. २०२० च्या अहवालात समितीने दोन्ही गोष्टींची शिफारस केली! २०२३ साली पेन्शनवर पुन्हा लोकांचे म्हणणे मागवले, पण प्रश्नावलीत 'तुम्हाला ही वेगळी योजना हवी आहे काय?' हा प्रश्नच नव्हता. योजना कशी असावी एवढेच विचारले होते. मुलाला 'कुर्ता निळा शिवू की हिरवा?' विचारायचे आणि त्याला कुर्ता नकोच असेल तर तसा रकाना ठेवायचा नाही, असा हा प्रकार.

२०२५ च्या उन्हाळ्यात आणखी एक समिती निघाली आणि तिच्या अध्यक्षपदी खुद्द मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ बसल्या. विषय सहा: पेन्शन, पोलीस, आयकर, केंद्राकडून येणारा पैसा, घटनादुरुस्ती आणि बाहेरून येणारे लोक. संकेतस्थळावर मत नोंदवण्यापूर्वी सरकारने तयार केलेली चित्रफीत पाहावी लागे. स्थलांतरितांच्या विषयात, प्रांताने मंजूर न केलेल्या परक्यांना सरकारी सामाजिक सेवा नाकाराव्यात काय, अशी चर्चा होती, आणि मूळ कल्पनेलाच विरोध करायला प्रश्नावलीत जागा नाही, अशी टीका झाली. ऑगस्टमध्ये एडमंटन शहरातल्या सभेत सतरा वर्षांचा एक विद्यार्थी बोलत असता त्याचा माइक बंद करण्यात आला, आणि व्यासपीठावरून त्याला आईबापांनी चोप द्यावा अशा अर्थाचा शेराही मारला गेला. आम्ही शिक्षक आहोत. आमच्या वर्गातही वेळ संपला की मुलाला खाली बसवावे लागते. पण सभा बोलावून, रांग लावून, बोलायला सांगून मग चोपाची भाषा करायची, हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात?

एडमंटन या नावाशी आपला एक जुना धागा आहे. १९३८ साली तेथे अल-रशीद मशीद उभी राहिली, कॅनडातली पहिली. मूठभर लेबनीज-सीरियन कुटुंबे होती. त्यांच्यातल्या हिलवी हम्दान नावाच्या बाई जमिनीसाठी थेट महापौरांकडे गेल्या, बाजारपेठेतल्या दुकानादुकानांतून वर्गणी गोळा केली, आणि ती ख्रिस्ती-यहुदी शेजाऱ्यांनीही दिली. उद्घाटनाला अब्दुल्ला यूसुफ अली हजर होते. आपल्या मुंबईत विल्सनमध्ये शिकलेले, कुरआनचे इंग्रजी भाषांतर करणारे तेच. सूरह शूरामध्ये इमानदारांचे लक्षण म्हणून आपसातला विचारविनिमय सांगितला आहे. त्या आयतीचे इंग्रजी करून झाल्यावर काही वर्षांतच ते त्या बर्फाळ शहरात उभे होते. त्या वेळी कोणी प्रश्नावली काढली असती की परक्यांना येथे जागा द्यावी काय, तर काय उत्तर आले असते, कोण जाणे. हिलवीबाईंनी प्रश्नावलीची वाट पाहिली नाही, माणसांना तोंडावर विचारले.

शूराचा विषय निघालाच आहे तर उहुदचा प्रसंग सांगितला पाहिजे. शत्रू चालून येत असता पैगंबर (स.) यांनी साथीदारांशी मशवरा केला. त्यांचा स्वतःचा कल मदीन्यात राहून लढण्याकडे होता. तरुणांचा आग्रह बाहेर पडण्याचा. त्यांनी लोकांचे मानले. लढाईत मुसलमानांची मोठी हानी झाली. आमचा प्रश्न असा: त्यानंतर काय म्हटले गेले? 'यापुढे यांना विचारू नका' असे म्हणायला याहून चांगला मोका कोणता होता? पण त्यानंतर उतरलेल्या सूरह आलि-इमरानच्या आयतीत, त्यांना माफ करा आणि कामकाजात त्यांचा सल्ला घ्या, असा हुकूम आहे. मशवऱ्याचा फायदा झाला म्हणून मशवरा, असा हिशेब तेथे नाही. आपल्याकडच्या पुष्कळ अंजुमनांत आणि शाळांच्या कमिट्यांत सर्वसाधारण सभेच्या नोंदवहीवर चहाबरोबर सह्या घेतल्या जातात, तेव्हा ही आयत कोणाला आठवत नाही. पारिझो आणि स्मिथबाईंवर बोट ठेवणे सोपे आहे.

आपल्या देशातही राज्यांची मांडणी करताना लोकांना विचारले गेले होते. न्यायमूर्ती फजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाकडे दीड लाखाहून अधिक कागदपत्रे आली, नऊ हजारांवर लोकांशी आयोग बोलला, आणि १९५५ साली त्याने मराठी माणसाला नको तेच द्वैभाषिक मुंबई राज्य सुचवले. बाकीचा इतिहास आपल्याला पाठ आहे. उलट गोव्याला १६ जानेवारी १९६७ रोजी सरळ विचारले: महाराष्ट्रात यायचे की केंद्रशासित राहायचे? गोवेकरांनी ३४ हजारांच्या फरकाने वेगळे राहणे पसंत केले. महाराष्ट्राला ते रुचले नाही, पण मानले. येथल्या पुढाऱ्यांनी ते मानले ही गोष्ट आम्हाला फारशा कौतुकाने सांगितली जात नाही, सांगितली पाहिजे.

आणि एक उदाहरण गाळले तर वाचक आम्हाला भित्रे म्हणतील. राज्याच्या सीमा किंवा स्वरूप बदलायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे, असे आपल्या घटनेचे तिसरे कलम सांगते. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश करायचे ठरले तेव्हा तेथील विधानसभा आधीच बरखास्त झालेली होती आणि राष्ट्रपती राजवट होती. विधिमंडळाचे अधिकार संसदेकडे होते. म्हणून राज्याचे मत संसदेने मागितले आणि संसदेनेच दिले. २०२३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ३७० कलमाविषयीचा केंद्राचा निर्णय वैध ठरवला. कायद्याचा प्रश्न त्याने मिटला असेल. शिक्षक या नात्याने आम्ही एवढेच म्हणू की, प्रश्नपत्रिका काढणारा आणि उत्तरपत्रिका लिहिणारा एकच असेल, तर त्याला आमच्याकडे परीक्षा म्हणत नाहीत.

मग जेथे निकाल आधीच ठरलेला दिसतो अशा सुनावणीला माणसाने जावे काय? आमच्यातले पुष्कळ लोक म्हणतात, जाऊ नये. गेलात की तुम्ही त्यांच्या नाटकातले पात्र झालात. या म्हणण्यात तथ्य आहे. २००७ साली क्विबेकमध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या चालीरीतींना कितपत मुभा द्यावी यावर बुशार आणि टेलर या दोन विद्वानांचा आयोग गावोगाव फिरला. नऊशेहून अधिक निवेदने आली. खुल्या सभा दूरचित्रवाणीवर थेट दाखवल्या जात, आणि कोणीही उठून मुसलमानांविषयी, यहुद्यांविषयी वाटेल ते बोलत असे. ऐकणाऱ्या मुलामुलींवर काय परिणाम झाला असेल? तरीही स्कार्फ बांधलेल्या बायका उठल्या, अस्खलित फ्रेंचमध्ये बोलल्या. २००८ च्या अहवालात आयोगाने म्हटले की हे संकट मुख्यतः समजुतींचे आहे. धार्मिक चिन्हांवर बंदी न्यायाधीश, पोलीस अशा मोजक्यांपुरती असावी, शिक्षकांवर नसावी, असे त्यांनी सुचवले. २०१९ साली प्रांताने कायदा केला आणि त्यात सरकारी शाळांतल्या शिक्षकांनाही घातले. घटनेतल्या मूलभूत हक्कांना बाजूला सारण्याची जी तरतूद १९८१ च्या त्या वाटाघाटींत प्रांतांना खूश करण्यासाठी ठेवली होती, तीच वापरून. २०२१ मध्ये चेल्सी गावातल्या एका शिक्षिकेला हिजाब बांधते म्हणून वर्गातून काढले. तिच्या विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी हिरव्या फिती बांधल्या.

इतके होऊनही आमचे मत जाण्याच्या बाजूचे आहे. त्या बायका बोलल्या नसत्या तर शिक्षकांना वगळणारी ती शिफारस अहवालात आली असती काय, याची आम्हाला शंका वाटते; आणि ती लेखी असल्यामुळेच कायद्याविरुद्ध न्यायालयात भांडणाऱ्यांना एक आधार मिळाला. १९९५ च्या बहिष्काराने आयोगांचे काही बिघडले नाही, फक्त नोंदवहीत एका बाजूची पाने कोरी राहिली. मात्र जायचे ते आपला प्रश्न बरोबर घेऊन. समोरच्याचा प्रश्न सदोष असेल तर उत्तर देण्याआधी तो दुरुस्त करून मागायचा, नाहीतर क्रींसारखी आपली पेटी मांडायची. ही दुसरी गोष्ट कष्टाची आहे. तिच्यासाठी आधी आपल्यात सुनावण्या घ्याव्या लागतात, आपल्या बायकांचे, तरुणांचे ऐकावे लागते, आणि आपल्याच पुढाऱ्यांना ती सवय नसते.

अल्बर्टातही हाच पेच २०२५ मध्ये पुन्हा उभा राहिला. प्रांत वेगळा काढण्याची भाषा सुरू होताच तेथील आदिवासी प्रमुखांनी जुने कागद पुढे केले. त्यांच्या पूर्वजांनी ब्रिटिश राणीशी केलेले सहावा, सातवा आणि आठवा हे तह १८७६, १८७७ आणि १८९९ सालचे आहेत. अल्बर्टा प्रांत जन्मला १९०५ साली. जो करार तुमच्या जन्माआधीचा आहे तो मोडायचा काय, असे तुम्ही तुमच्या मतदारांना कसे विचारता, असा त्यांचा सवाल आहे. सहाव्या तहाच्या प्रदेशातले पुष्कळ लोक क्री बोलतात. त्या भाषेतही मराठीसारखे दोन शब्द आहेत: ऐकणाऱ्याला वगळून 'नियानान', आणि त्याला धरून 'कियानाव'.